कागदावर नसलेले

काव्यशास्त्र शिकताना अभिधा, लक्षणा, व्यंजना आम्ही पाठ केल्या होत्या. माहितीपटांच्या व्यवसायात शिरताना मात्र हे ज्ञान वर्गातच विसरून आलो असावे. एका दूध संघाने सुवर्णमहोत्सवासाठी 10 मिनिटांच्या माहितीपटाचे काम आम्हांस दिले. ब्रीफ जेमतेम एका पानाचे : संघाची 50 वर्षांची प्रगती दाखवावी. आम्ही शीतकरण यंत्रे, टँकर, आजीमाजी अध्यक्ष असे सारे टिपले. सेकंदाला 25 या हिशेबाने 15,000 चौकटी झाल्या. त्यांतील एकीतही पहाटे किटली घेऊन संकलन केंद्रावर येणारी बाई नव्हती.

माहितीपट संपल्यावर एक वयोवृद्ध संचालक एवढेच म्हणाले, "आमच्या बाया कुठं गेल्या?"

"कागदावर तसे नव्हते," असे आम्ही म्हणालो आणि म्हणतानाच ओशाळलो. जे त्यांच्या रोजच्या जगण्यात मुरलेले, ते त्यांनी वेगळे लिहावे तरी कशाला? हा माहितीपट पाहणार कोण, एवढे आम्ही आधी विचारायला हवे होते. उत्तर होते : त्याच बाया.

पुनर्चित्रीकरण आमच्याच खर्चाने झाले. आता काम स्वीकारताना आम्ही तो प्रश्न प्रथम विचारतो. कागद त्यानंतर वाचतो.