पाद्र्याचा योगक्षेम

इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचनानें आम्हांस ज्या मंडळींचा घरोबा झाला, त्यांत खेड्यांतील पाद्र्याचा क्रम बराच वर लागतो. त्याचें टुमदार घर, त्याची बाग, त्याच्या दिवाणखान्यांतील चहा हें सर्व आम्हांस पाठ आहे. परंतु त्याच्या घरीं पीठमीठ कोणाच्या पैशानें येतें, हा प्रश्न आमच्या मनांत सहसा येत नाहीं. अँथनी ट्रॉलप या कादंबरीकारानें मात्र तो सोडला नाहीं. त्याच्या ‘द वॉर्डन’ (१८५५) मधील हार्डिंग यांस बारा वृद्धांच्या आश्रमावरील देखरेखीबद्दल वर्षाला ८०० पौंड मिळतात; आणि ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ (१८६७) मधील विद्वान क्रॉली १३० पौंडांत संसार रेटीत असतांना वीस पौंडांच्या चेकच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो. एकाच चर्चचे हे दोन सेवक!

या विषमतेचें मूळ असें, कीं पाद्र्याला पगार नव्हता. त्याला उत्पन्न होतें. प्रत्येक पॅरिशची चर्चच्या नांवची जमीन निराळी, आणि पिकाचा दहावा हिस्साही त्या त्या शिवारापुरता. कित्येक ठिकाणीं धान्याचा मोठा हिस्सा मठांकडे गेला होता. १५३६ ते १५४० या काळांत आठव्या हेन्रीनें मठ मोडले तेव्हां तो राजाकडे व पुढें जमीनदारांकडे गेला आणि पाद्र्याच्या पदरीं किरकोळ बाबींचा दशमांश उरला. आमच्या वाचकांस हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. आमच्या आजोळीं जोशीपण होतें. सुगी झाली कीं खळ्यावरून बलुतें येई, आणि पीक बुडालें कीं पंचांग सांगणाऱ्याच्या घरींही चूल मंदावे, असें वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकिलें आहे. फरक इतकाच, कीं बलुत्यामागें गांवची चाल होती आणि दशमांशामागें सरकारचा कायदा.

सक्तीच्या अन्नाला कडवटपणा येतोच. चर्च न मानणाऱ्या क्वेकर पंथीयांनीं दशमांश नाकारून तुरुंग पत्करला. १८३६ सालच्या कायद्यानें धान्याऐवजीं गहूं, जव व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बसविलेली रोख रक्कम आली. तरी १९३० नंतरच्या मंदींत ती वसूल करण्यासाठीं शेतकऱ्यांचीं गुरें जप्त होऊं लागलीं. ज्याच्या गोठ्यांतली गाय ओढून नेली, त्यानें रविवारीं प्रवचन कोणत्या मनानें ऐकावें? अखेर १९३६ सालीं ती आकारणी रद्द झाली आणि हक्कदारांस सरकारी रोख्यांच्या रूपानें भरपाई मिळाली.

मग सक्तीपेक्षां ठेव बरी, असें कोणी म्हणेल. १७०४ सालीं ॲन राणीनें गरीब पाद्र्यांसाठीं निधि स्थापिला. १९४८ सालीं तो दुसऱ्या एका मंडळांत विलीन होऊन ‘चर्च कमिशनर्स’ ही संस्था झाली, आणि आज तिच्यापाशीं दहा अब्ज पौंडांहून अधिक मत्ता आहे. ठेवीवर जगणाऱ्याला कोणाची मर्जी राखावी लागत नाहीं, हें खरें. परंतु जुन्या वह्या तपासल्यावर असें दिसून आलें, कीं ॲन राणीच्या निधीचा पैसा अठराव्या शतकांत साउथ सी कंपनींत गुंतला होता. आणि ती कंपनी आफ्रिकेंतील माणसें गुलाम करून समुद्रापार नेत होती. २०२३ सालीं संस्थेनें तें उघडपणें सांगून परिमार्जनासाठीं १० कोटि पौंड काढून ठेवण्याचें ठरविलें. आमचा देशही या हिशेबाबाहेर नाहीं. १८१३ च्या कायद्यानें कलकत्त्याच्या बिशपास वर्षाला ५,००० पौंड नेमून दिले, ते कंपनीच्या येथील महसुलांतून. म्हणजे बव्हंशीं अशा रयतेच्या घामांतून, कीं जिनें त्या चर्चचा उंबरठाही ओलांडला नव्हता.

आतां तिसरा मार्ग उरतो; स्वेच्छेच्या दानाचा. इंग्लंडांत १९७८ पासून चर्चच्या जमिनी डायोसीजच्या एका खात्यांत जमा झाल्या. गांव श्रीमंत असो वा दरिद्री, एका डायोसीजमध्यें पाद्र्याचें वर्षासन सामान्यतः सारखेंच असतें, आणि त्याचा मोठा भाग उपासकांच्या वर्गणींतून येतो. श्रीमंत पॅरिश अधिक भरते, गरीब पॅरिश कमी भरते. हार्डिंग व क्रॉली यांच्यामधली दरी या व्यवस्थेनें बुजविली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु देणाऱ्याच्या मुठींत लगामही येतो. समलिंगी जोडप्यांसाठीं आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणण्यास २०२३ च्या डिसेंबरांत मोकळीक मिळाली, त्या वादांत कांहीं पॅरिशांनीं आपली वर्गणी रोखली किंवा दुसरीकडे वळविली. त्यांच्या मतांची चर्चा येथें नको. परंतु वर्गणी थांबते तेव्हां झळ लागते ती वादाशीं संबंध नसलेल्या एखाद्या दरिद्री वस्तींतील पाद्र्याला, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

तिन्ही ताटांत असा एकेक खडा आहे. तरीही आमचा कौल तिसऱ्यालाच, कारण त्यांतला खडा वेंचून काढणें देणाऱ्याच्या हातीं आहे. वर्षासन या शब्दाचा अर्थच कामाचा मोबदला असा नाहीं. पोटाची विवंचना मिटून माणसानें आपलें कर्तव्य करावें, यासाठीं दिलेलें तें पोटापुरतें साधन होय. तें देतांना मुखांतला शब्द विकत घेतला, अशी समजूत देणाऱ्यानें करून घेऊं नये. आणि हें केवळ इंग्रजांना सांगून भागणार नाहीं. मुंजीची दक्षिणा ठरवितांना आपल्या मध्यमवर्गीय घरांत जी घासाघीस चालते, ती आम्ही पुष्कळदां पाहिली आहे. मंडपाच्या कंत्राटदाराला मागेल तें द्यावयाचें, आणि उपाध्याय विद्वान, शुचिर्भूत, वेळेवर येणारा व शिवाय स्वस्त हवा! अशा उपाध्यायानें यजमानाला एखादें कटु सत्य ऐकवावें, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करणार?