दुरुस्तीच्या चुका

झाशीत राणीचं नाव इंग्रजीत एकाच पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. 1968 साली सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजच्या नावातली लक्ष्मी 'एक्स' घालून लिहिली आहे आणि 'बाई' तिच्यापासून सुटी आहे. 2014 च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी विद्यापीठाने 'एक्स'ऐवजी 'के-एस-एच' घेतलं, 'बाई' सुटीच ठेवली. डिसेंबर 2021 च्या अखेरीस झाशी जंक्शनला राणीचं नाव मिळालं, तेव्हा 'के-एस-एच' राहिलं आणि 'बाई' लक्ष्मीला जोडली गेली. शहर एक, राणी एक, नावाची रूपं तीन, आणि तिन्ही अधिकृत.

या शहरातल्या मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, मी नोकरीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवलं. चुकीचं इंग्रजी दिसलं की माझं डोकं तापायचं. 'हरवणे' या अर्थाच्या 'लूझ'मध्ये मुली एक 'ओ' जास्त घालायच्या. 'सेपरेट'च्या मधल्या 'ए'च्या जागी 'ई' यायचा. वह्या-पेनांच्या दुकानावर 'स्टेशनरी' अशा स्पेलिंगने लिहिलेली असायची की तिचा अर्थ 'जागचं न हलणारं' असा व्हायचा. बिअरच्या दुकानावर 'चिल्ड'च्या जागी 'चाइल्ड' लिहिलेलं मी वाचलं आहे. या चुकांकडे दुर्लक्ष करणं म्हणजे कामचुकारपणा, असं मला वाटायचं. लाल पेन कायम पर्समध्ये असायचं.

हा राग कुठून आला, हे मला फार उशिरा कळलं. आमचं घराणं झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळात इकडे आलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली, अशा तीन भाषांत मी वाढले. गणपतीत महाराष्ट्र गणेश मंदिरात आरत्या म्हणताना आम्ही पूर्ण मराठी असायचो. 1842 मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न ज्या मंदिरात लागलं, ते हेच. पण शाळकरी वयात पुण्याला एका लग्नाला गेले आणि बोलता बोलता "आईने जेवण बनवलं" असं म्हणाले. एका मावशींनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. स्वयंपाक करतात, जेवण बनवत नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि बायका हसल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यानंतर ते लग्न संपेपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

इंग्रजीत मला असं कोणी थांबवू शकत नव्हतं. शब्दकोश पुण्याला आणि झाशीला एकच होता. मेहनत करून मी तो कोश आपलासा केला आणि मग त्याच्या जोरावर इतरांना थांबवायला लागले. मावशींनी माझं जे केलं, तेच मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं करत होते, आणि त्याला शिस्त म्हणत होते.

आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना दीदी म्हणायचो. मुख्याध्यापिका रजेवर असताना सुट्टीची सूचना लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी हौसेने ती इंग्रजीत लिहून फलकावर लावली. 'शाळा बंद राहील' असं लिहिताना त्यांनी 'क्लोज्ड'ऐवजी 'क्लोज' लिहिलं होतं. ही चूक आपल्याकडे सर्रास होते. मी येता-जाता ती पाहिली, पर्समधून लाल पेन काढलं, शेवटी 'डी' जोडला आणि त्याभोवती गोल केला. पुढच्या तासाच्या मुली तिथेच उभ्या होत्या. दीदी वरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

त्या मला काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी शाळेत इंग्रजीतून एक ओळ लिहिली नाही. मधल्या सुट्टीत त्या मला तुलसीदास, केशवदास समजावून सांगायच्या. ओरछ्याच्या दरबारातल्या केशवदासांची भाषा मला अवघड जायची आणि मी अडले की त्या न हसता पुन्हा सांगायच्या. ते बसणं बंद झालं. सुट्टीची तारीख मुलींना कळली होती, ती सूचना आपलं काम करत होती. एका 'डी'साठी मी अशी मैत्रीण गमावली, जिने माझी हिंदी कधीही दुसऱ्यांसमोर दुरुस्त केली नव्हती.

काही दुरुस्त्या तर मुळातच चुकीच्या होत्या. 'प्रीपोन' हा शब्द मी मुलींच्या निबंधांतून कित्येक वर्षं खोडला. असा शब्दच नाही, असं समासात लिहिलं, गुण कापले. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. परीक्षा अलीकडे आणली हे सांगायला आपल्या लोकांना एक सरळ शब्द हवा होता. तो त्यांना मिळाला आणि भाषेने तो ठेवून घेतला. ज्या मुलींचे गुण गेले, त्यांना ते परत देता येत नाहीत.

पण ज्या चुकीने मला बदललं, ती वेगळी आहे.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात लक्ष्मी नावाची एक मुलगी होती. झाशीत या नावाच्या मुली प्रत्येक वर्गात असतात. नववीच्या नोंदणीचे बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं. फॉर्म मुलींनी भरायचे, वर्गशिक्षिकेने तपासायचे आणि लिपिकाने त्यांवरून यादी तयार करायची. लक्ष्मीने आपलं नाव 'एल-यू-एक्स-एम-आय' असं लिहिलं होतं. मला ते साबणाच्या नावासारखं वाटलं. मी तिला न विचारता ते खोडलं आणि वर 'के-एस-एच' घालून, मला शुद्ध वाटणारं स्पेलिंग लिहिलं. त्यासाठी मी फॉर्मवर काही क्षणांहून जास्त थांबले नसेन. तिने ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असतं तरी बहनजींना उलट विचारायची तिची हिंमत झाली नसती, कारण माझ्या वर्गातलं वातावरण मीच तसं ठेवलं होतं.

उत्तर प्रदेशात हायस्कूलचं, म्हणजे दहावीचं, प्रमाणपत्र माणसाला जन्मभर पुरतं. जन्मतारीख आणि नाव त्यावरून ठरतं. लक्ष्मीच्या प्रमाणपत्रावर माझं स्पेलिंग छापून आलं. तिचे वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्या सेवा-अभिलेखात मुलीचं नाव तिने लिहिलं होतं तसंच, 'यू' आणि 'एक्स' घालून होतं. काही वर्षांनी वडील नोकरीत असतानाच वारले. अनुकंपा नियुक्तीसाठी लक्ष्मीने अर्ज केला, तेव्हा कागदांवर दोन वेगळ्या मुली निघाल्या. कागद जुळल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नव्हती. नियमाप्रमाणे ते योग्यच होतं.

तिची आई शाळेत आली. माझ्यासमोर कागद ठेवून ती एवढंच म्हणाली, "बहनजी, नाम तो हमने ठीक ही लिखवाया था।" मी जुनी फाइल मागवली. फॉर्मवर माझी लाल शाई तशीच होती.

कचहरीत शपथपत्र, वर्तमानपत्रात जाहीर निवेदन, शाळेचं पत्र आणि मग अलाहाबादला बोर्डाकडे अर्ज, असा तो सगळा प्रवास होता. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत तिचं मूळ स्पेलिंग होतं म्हणूनच दुरुस्ती शक्य झाली. बुंदेलखंड एक्स्प्रेसने मी स्वतः कागद घेऊन अलाहाबादला गेले. तरीही नियुक्ती वर्षाहून अधिक काळ लांबली. तेवढ्या काळात घर चालवायला लक्ष्मीने एका दुकानात कपडे शिवले आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडलं. ते तिने पुढे पूर्ण केलं नाही.

या गोष्टीतला सर्वांत लाजिरवाणा भाग अजून सांगायचा आहे. शाळेच्या पत्रात चुकीचं कारण द्यावं लागतं. अशा पत्रांचा ठरलेला मसुदा असतो आणि त्यात 'लिपिकीय त्रुटी' असे शब्द असतात. मसुदा माझ्यासमोर आला. तो शब्द खोटा आहे हे मला माहीत होतं. फॉर्ममध्ये होतं तेच लिपिकाने यादीत उतरवलं होतं. त्रुटी शिक्षिकेची होती. उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या वाक्यांतला चुकीचा शब्द शोधण्यात घालवलं आणि माझ्या हातातल्या कागदावरचा चुकीचा शब्द मी तसाच राहू दिला, कारण तो माझ्या सोयीचा होता. त्या शब्दामुळे आमच्या लिपिकांकडे लेखी खुलासा मागितला गेला. ते निवृत्तीला आले होते. त्यांनी मान खाली घालून खुलासा लिहून दिला. मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले. ते निवृत्त झाल्यावर मी मुख्याध्यापिकांना खरं सांगितलं, नंतर लिपिकांच्या घरी जाऊन त्यांनाही. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फॉर्मवरची लाल शाई त्यांनीही पाहिली होती.

त्यानंतर मी वाचन वेगळ्या नजरेने करायला लागले. विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीत होते. त्यांनी लिहिलेली हकिकत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापली, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. वैद्य मोठे विद्वान होते आणि पुस्तक लोकांपर्यंत पोहोचलं ते त्यांच्यामुळेच. तरीही गोडसे भटजींनी नेमकं काय आणि कसं लिहिलं, हे वाचकांना कळायला 1966 उजाडावं लागलं. तेव्हा दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत सिद्ध केली. त्या प्रतीत भटजी आपल्या बोलण्यात बोलतात. आपल्या शहराची ती कहाणी मी दोन्ही प्रतींत वाचली तेव्हा मला माझे फॉर्म आठवले.

इंग्रजीचा इतिहासही हेच सांगतो. 'आयलंड' या शब्दातला 'एस' आपण उच्चारत नाही, कारण तो तिथे मुळात नव्हता. त्या शब्दाचं लॅटिनशी नातं आहे, अशा समजुतीने सोळाव्या शतकाच्या सुमारास शिकलेल्या लोकांनी तो घातला. समजूत चुकीची होती, अक्षर मात्र राहिलं. ते अक्षर विसरणाऱ्या मुलींना मी चुकीची फुली देत आले.

याचा अर्थ काहीही लिहिलं तरी चालतं, असा नाही. गावातल्या आणि शहरातल्या गरीब मुलींना नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत, औषधाच्या पाकिटावर इंग्रजी लागतं. तिथे एका अक्षराने नुकसान होतं आणि ते टाळायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. ते काम मला आजही मोलाचं वाटतं. पण वाक्यातला शब्द सगळ्यांचा असतो, त्याचे नियम शिकवता येतात. नाव फक्त एका माणसाचं असतं. त्याचं बरोबर स्पेलिंग कोशात सापडत नाही, त्या माणसाच्या कागदांत आणि त्याच्या तोंडून कळतं. लक्ष्मीला मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: बेटा, घरच्या कागदांवर नाव कसं लिहिलंय?

आता शेजारपाजारच्या बाया पेन्शनचे, रेशनकार्डाचे, मुलांच्या प्रवेशाचे फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. आधी जुने कागद काढायला सांगते आणि नाव त्यांवर आहे तसं अक्षर न् अक्षर उतरवते, मग ते मला कितीही खटको. बाकी मजकुरात चूक असली तर ती शेजारी बसून, त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेते. शेवटी पूर्ण फॉर्म मोठ्याने वाचून दाखवते आणि ज्याचा तो कागद, त्याने "हो, बरोबर आहे" म्हटल्यावरच पेनचं टोपण लावते.