सूर्याकडे पाठ करून

आमच्या घरात सूर्याकडे पाहायला बंदी होती आणि तिला कारणही तसेच होते. 16 फेब्रुवारी 1980 ला दुपारी सूर्यग्रहण झाले, तेव्हा अब्बा तरुण होते. मिरजेच्या घराच्या गच्चीवरून एक्स-रेच्या जुन्या फिल्मला उजवा डोळा लावून त्यांनी ते पाहिले. दुखले काहीच नाही, कारण डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. फिल्ममुळे उजेड कमी झाला, पण न दिसणारे किरण आत गेलेच. दुसऱ्या दिवशी कुरआन उघडले, तर नजर ठेवावी तेच अक्षर नाहीसे होई. त्या डोळ्यातला डाग आजही तसाच आहे.

मे 2024 मध्ये सूर्यावर मोठा डाग आल्याची बातमी आली आणि आमच्या पुतण्याने मोबाइल घेऊन गच्ची गाठली. अब्बा कडाडले, “माझा एक डोळा गेला तेवढा पुरे!” पोर रडकुंडीला आले. आम्हा भावंडांना दोघांचेही पटत होते.

मग आम्ही घरातली दुर्बीण स्टँडवर बांधली. एका भिंगावर झाकण लावले, दुसऱ्याभोवती पुठ्ठा बसवला आणि मागे हातभर अंतरावर पांढरा कागद धरला. रोख धरतानाही दुर्बिणीत डोकवायचे नाही. तिची सावली सर्वांत लहान झाली की नेम बरोबर. 10 मे, जुम्याची सकाळ. कागदावर सूर्य उतरला आणि त्याच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा पुंजका!

पुतण्याने मोबाइलने कागदाचा फोटो काढला. अब्बांना खाली जाऊन दाखवला, तर म्हणाले, “मीच येतो वर.”

सूर्याकडे पाठ करून ते खुर्चीवर बसले. तो दाणा म्हणजे एका ओळीत मांडलेल्या सुमारे पंधरा पृथ्वी, हे त्यांना आम्ही सांगितले. तिथले चुंबकीय बळ आतली उष्णता वर येऊ देत नाही. भोवतीचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळा दिसतो. त्याच रात्री त्या डागाजवळून सुटलेल्या वादळाने लडाखचे आकाश लाल झाले.

अब्बा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “जुहर-असरची वेळ आमचे बुजुर्ग सावली मोजूनच ठरवत. सूर्याकडे पाहायची गरज कुणाला होती? मला तेव्हा एवढे कुणी सांगितले असते तर!”

त्यानंतर रोज सकाळी त्याच मापाच्या वर्तुळात ते पेन्सिलीने डाग टिपू लागले. डाग कडेकडे सरकत गेला, दिसेनासा झाला. सूर्य स्वतःभोवती फिरतो, आपल्याला त्याची एक फेरी सुमारे 27 दिवसांची दिसते. महिनाअखेरीस दुसऱ्या कडेवर तोच डाग पुन्हा उगवला. तो सर्वांत आधी अब्बांनाच दिसला, डाव्या डोळ्याने.

बंदी अजून आहे. पण आता ती पोरांना समजावून सांगायला अब्बाच गच्चीवर येतात.