सत्तरची रेघ

माणसाच्या मनाचा आलेख काढता येतो म्हणतात. तो काढण्याचाच मी पगार घेत असे, तेव्हा नाही कशी म्हणू?

१९८६ सालची गोष्ट. मी नोकरीत नवी होते. एका कचेरीतल्या हेडक्लार्कना त्यांचे थोरले बंधू माझ्याकडे घेऊन आले. झोप नाही, कामात लक्ष नाही. मी मिनेसोटा चाचणी काढली. ५६६ विधाने आणि प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’. छापील कागद इंग्रजी; मी आपली तिथल्या तिथे मराठी करून वाचून दाखवी. (हे शास्त्राला धरून नव्हते.) दोन दुपारी त्यात गेल्या. दोन्ही दिवस बंधू शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांना बाहेर बसा म्हणण्याचा धीर मला झाला नाही. ते चहा सांगायला उठले तेवढ्यात हे गृहस्थ हळूच म्हणाले, “बाई, हा कागद दादांना दाखवणार का?”

“म्हणजे काय, दाखवायलाच हवा,” मी म्हणाले.

या चाचणीत १५ विधाने अशी पेरलेली असतात की, ती आपल्याला लागू नाहीत असे एखादा साधुपुरुषच म्हणेल. बारीकसारीक राग, लहानसहान लबाडी, असला मामला. आमच्या गृहस्थांनी त्यांतली १० नाकारली. “छे, छे, राग कशाचा?” मला वाटले, काय सज्जन माणूस!

मग आलेख काढला. ५० म्हणजे चारचौघांची सरासरी आणि ७० वर धोक्याची रेघ. खिन्नतेच्या पट्टीवर त्यांचा आकडा आला ६८. मी अहवालात ‘मर्यादेत’ लिहिले आणि सही ठोकली. दोन महिन्यांनी त्यांनी अन्न सोडले. भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेनात. इस्पितळात ठेवावे लागले. बरे झाले पुढे, पण माझ्या अहवालाने नव्हे.

हे चारचौघे तरी कोण? हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४३ साली चाचणी छापली, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठाच्या इस्पितळात रोग्यांना भेटायला येणाऱ्या मंडळींवरून सरासरी बांधली होती. बहुतेक गोरे, विवाहित, आठवीपर्यंत शिकलेले. आमच्या हेडक्लार्कचे मोजमाप त्यांच्या मापाने!

१९८९ साली सुधारलेली चाचणी निघाली. सात राज्यांतल्या २६०० माणसांवरून नवी सरासरी बांधली आणि धोक्याची रेघ ६५ वर आणली. ती माझ्या हाती आली त्या रात्री मी जुना उत्तरांचा कागद काढून बसले. खोटे कशाला सांगू, नव्या रेघेने माझी चूक चाचणीच्या माथी मारता येईल अशी आशा होती. पण सरासरीच बदलल्यामुळे तीच उत्तरे आता अदमासे ६२ वर आली. रेघ खाली आली होती, तसा आकडाही उतरला. गृहस्थ पुन्हा मर्यादेतच!

वर चढली होती ती सज्जनपणाची पट्टी. जुन्या आलेखातही ती ७० ला टेकलेली होती. मीच तिच्याकडे कौतुकाने पाहिले होते. ती पट्टी इतकी उंच असली की बाकीचे आकडे आहेत त्याहून कमी असण्याचा संभव धरावा, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला तोंडपाठ होते. परीक्षेत लिहिलेही होते.

आता माझी भाची याच धंद्यात आहे. २०२० साली तिसरी आवृत्ती निघाली, विधाने ३३५ वर आली. आलेख संगणक काढतो. परवा नाव झाकून एक आलेख घेऊन आली. “मावशी, सगळे रेघेखाली आहे. तुला काय वाटते?”

मी चष्मा लावला, डावीकडच्या पट्ट्या आधी पाहिल्या आणि तिला विचारले, “खोलीत आणखी कोण होते ग?”