सदतीस अडकित्ते

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मी दहा दिवस आजीकडे बंगळूरला होतो. जयनगरच्या तिसऱ्या ब्लॉकमधलं आमचं घर जुनं, बैठं. जयनगरची आखणी 1948 साली झाली. तिथे अशी घरं एकेकाळी रांगेने होती. आता एक पाडलं की चार मजले उभे राहतात. आमचंही घर पाडायचं ठरलं होतं. मी गेलो ते सामान आवरायला.

अप्पा, म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या काळ्या ट्रंकेत वर्दी असेल असं मला वाटलं होतं. निघाले अडकित्ते! पितळी, लोखंडी, मोराचे, घोड्याचे, एक तर माझ्या करंगळीएवढा. मोजले तर सदतीस भरले.

बाबा म्हणाले, "फ्लॉटमध्ये एवढं कुठे ठेवणार? दोन-चार चांगले ठेव, बाकीचे वजनावर देऊन टाकू."

आजी काहीच बोलली नाही. ती उठून आत गेली.

गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत आम्ही पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं होतं. तिथेही अडकित्ते आहेत. दिवे आहेत, दौती आहेत, भांडी आहेत. एकूण वस्तू वीस हजारांच्या आसपास. दिनकर केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं आणि 1975 साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. तेव्हा मी त्या काचेच्या कपाटांपुढून भरभर निघून गेलो होतो, कारण बाहेर भेळ खायची होती.

आता मात्र मला क्यू.एम. स्टोअरचं लेजर आठवलं. आमचे उस्ताद सांगतात, "जी चीज रजिस्टरमध्ये नाही, ती स्टोअरमध्ये नाही." मी एक दोनशे पानी वही आणली. अनुक्रमांक, वर्णन, कुठून मिळाला, कोणी दिला असे रकाने आखले आणि आजीसमोर बसलो.

आजी एकेक अडकित्ता हातात घेऊन सांगू लागली. हा बेळगावला शनिवार खुटावर घेतला. हा माझ्या आईचा. हा घेतला तेव्हा पगार झाला नव्हता, म्हणून आमचं भांडण झालं होतं. तीन दिवसांत अठ्ठावीस नोंदी झाल्या. नऊ अडकित्त्यांचं तिला काहीच आठवेना.

एकोणतिसावा रकाना मी कोराच सोडणार होतो. साधा लोखंडी अडकित्ता, नक्षी नाही, एका दांड्याला तार गुंडाळलेली. वजनावर द्यायच्या ढिगात तो पहिला गेला असता. आजी म्हणाली, "थांब. हा अप्पांचा नाही. त्यांच्याबरोबरच्या एका जवानाचा आहे. पासष्टच्या लढाईच्या वेळी त्याने यांच्याकडे ठेवायला दिला. परत न्यायला तो आला नाही. अप्पा दर दसऱ्याला याला तेल लावायचे."

"त्याचं नाव काय, आजी?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "साताऱ्याकडचा होता रे. नाव... हे सांगायचे. मीच लक्षात ठेवलं नाही."

सहावीत असताना बाबांनी मला कस्तुरबा रोडवरचं सरकारी संग्रहालय दाखवलं होतं. ते 1865 साली सुरू झालं. तिथे आतकूरचा वीरगळ आहे, इसवी सन 949 च्या सुमाराचा. त्यावर एक कुत्रा रानडुकराशी झुंजताना कोरला आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मनलरताला तो कुत्रा राजा बूतुगाने बक्षीस दिला होता. झुंजीत डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले. त्या कुत्र्याचं नाव काळी. कोणीतरी ते दगडावर लिहून ठेवलं, म्हणून हजार वर्षांनी बंगळूरमधल्या एका शाळकरी मुलाला ते कळलं.

आणि साठ वर्षांपूर्वीच्या आपल्या जवानाचं नाव आमच्या घरात कोणाला माहीत नाही.

रात्री बाबांनी वही वाचली. एकोणतिसाव्या नोंदीवर ते थांबले. सकाळी भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा म्हणाले, "नाही, अडकित्ते द्यायचे नाहीत." ट्रंक आता पुण्याला आमच्या घरी, माझ्या पलंगाखाली आहे.

अप्पांच्या जुन्या सोबत्यांना बाबा पत्रं लिहीत आहेत. अजून उत्तर आलेलं नाही. 'कोणी दिला' या रकान्यात मी पेन्सिलने लिहिलं आहे : अप्पांचा मित्र, सातारा जिल्हा. नाव कळलं की शाईने लिहीन.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांच्या घरीही अशी एखादी ट्रंक असेल. या सुट्टीत ती उघडा, आणि वही बरोबर न्या.