आधी उघडलेले दप्तर

इंदूरच्या ज्या शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले, तेथील एक दुपार अद्याप मनातून जात नाही. सातवीच्या वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. बेचाळीस मुलांपैकी मी आधी दप्तर उघडले ते एकाचेच. त्याचे वडील चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होते आणि ‘खाण तशी माती’ ही म्हण मी फळ्यावर कितीदा तरी लिहिली होती. पेटी त्या मुलीच्या घरीच सापडली. मुलगा काहीच बोलला नाही; वह्या नीट लावून त्याने दप्तर पुन्हा भरले. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही.

निवृत्तीनंतर, कायदा शिकणाऱ्या पुतणीची पुस्तके मी चाळू लागले. कायद्याच्या अभ्यासातही माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवून निष्कर्ष काढतात, हे मला नवीनच होते. लंडनच्या कामगार वस्तीतील आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलांची पाहणी डोनाल्ड वेस्ट यांनी १९६१ साली आरंभिली. पुढे ती डेव्हिड फॅरिंग्टन यांनी चालविली. न्यायालयांत सिद्ध झालेल्या एकूण गुन्ह्यांपैकी निम्मे गुन्हे अवघ्या ६ टक्के कुटुंबांतील होते. वाचून क्षणभर हायसे वाटले. माझी म्हण खरी ठरली होती!

पण पुढे वाचावेच लागले. हार्वर्डच्या विधी विद्यालयातील ग्लुएक दांपत्याने बॉस्टनमधील ५०० गुन्हेगार आणि ५०० निरपराध मुलांची तुलना १९५० साली प्रसिद्ध केली होती. तळघरात पडलेली त्यांची कागदपत्रे सॅम्पसन आणि लॉब यांनी नव्याने तपासली. १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात दिसते की, दारिद्र्याचा परिणाम मुलावर बहुतांशी घरातून होतो : देखरेखीचा अभाव, लहरी मारझोड, आटलेली माया. शिवाय त्याच मुलांपैकी कित्येक स्थिर नोकरीने आणि सुखाच्या संसाराने पुढे मार्गाला लागले.

लंडनच्या त्या मुलांविषयी २०१३ साली आणखी एक निष्कर्ष आला. मुलांनी स्वतः कबूल केलेली कृत्ये हिशेबात धरूनही, ज्यांचे आईवडील दोषी ठरले होते त्यांनाच दोषी ठरविले जाण्याचा संभव अधिक होता. म्हणजे घराच्या वळणाबरोबर बघणाऱ्याची नजरही मुलाच्या वाट्याला येते. आपल्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच नजर अख्ख्या जमातींवर रोखली होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. नजर मात्र माझ्या वर्गात शिल्लक होती.

परवा पुतणीने विचारले, “आत्या, तो मुलगा पुढे कुठे गेला?”

मला ठाऊक नाही. त्या संशोधकांनी लंडनच्या मुलांचे पत्ते चाळीस वर्षे सांभाळले. त्याचे घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर होते, आणि मी एकदाही चौकशीला गेले नाही.