काखेतला टिनटिन

प्लास्टिकच्या पिशवीवर ऊन पडलं की आतलं कॉमिक दिसत नाही, आभाळ दिसतं. म्हणून पुस्तक जरा तिरकं धरायचं, तर मागचा कुतुबमिनार चौकटीबाहेर जातो. त्यात ‘टिनटिन इन तिबेट’च्या मुखपृष्ठावर सगळा बर्फच. यतीची पावलं बघून थबकलेली मंडळी, आणि भोवती दिल्लीचं रणरणतं ऊन. कुतुब आहे आतल्या पानावर. तो दाखवायचा तर पिशवीतून पुस्तक बाहेर काढायला हवं, आणि १९६२च्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीवर घामेजल्या बोटाचा डाग पडला तर तो कायमचा. संग्राहक अडतो तो इथे.

देखण्या जागी जायचं, बरोबर आणलेलं कॉमिक त्या जागेपुढे धरायचं आणि फोटो काढायचा, असा हा नाद. काही जण निदान जागा तरी जुळवतात. फ्रान्समधल्या शव्हर्नीच्या वाड्याचे दोन्ही टोकांचे भाग गाळून टिनटिनकार हर्जेने टिनटिनच्या मित्राचं, कॅप्टन हॅडॉकचं घर उभं केलं, जॉर्डनमधलं पेट्रा ‘द रेड सी शार्क्स’मध्ये आणलं, तिथे पुस्तक घेऊन जाण्यात काही संगती आहे. बाकीचे काहीच जुळवत नाहीत. धबधब्यापुढे बॅटमॅन धरतात. खरं कुतूहल वाटतं ते त्यांचंच.

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण इथे कुणाच्याही तोंडी येईल. जे पाहायला एवढी पायपीट, ते बगलेतच आहे; पान उलटलं की दिल्ली, आणखी चार उलटली की हिमालय. पण म्हणीतल्या त्या बाईवर अन्यायच झालेला दिसतो. ती विसरभोळी, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. वळसा घालताना तिला कोण भेटलं, काय दिसलं, हे कुणी विचारलं नाही. कळसा रिकामा होता की भरलेला, तेही म्हण सांगत नाही. भरलेला असेल तर वाटेत थोडं सांडलंच असणार. आणि तो काखेत आहे हे तिला पक्कं ठाऊक असेल तर? सासुरवाशिणीला घराबाहेर पडायला पाण्यावाचून दुसरं निमित्त होतं कुठे? ‘कळसा सापडत नाही’ म्हटलं की अख्खं गाव फिरायची मुभा. मग फोटोवाल्याचं कॉमिकही अशीच एक सबब असेल. एकट्या माणसाला मिनारापुढे तासभर रेंगाळायला काहीतरी काम लागतंच.

तरी पूर्ण बसत नाही. संग्राहकाला कळशाचा क्षणभरही विसर पडत नाही. विसर पडतो तो गावाचा.

वळसा न घालताच कळसा भरून घेणारा माणूस म्हणजे हर्जे. ‘टिनटिन इन तिबेट’ रचताना त्याने भारत पाहिलेला नव्हता. कात्रणं आणि मासिकांतली छायाचित्रं यांचा त्याच्याकडे मोठा साठा होता. त्याच्या बळावर त्याने टिनटिन आणि हॅडॉकला वाटेत दिल्लीत उतरवलं, कुतुब आणि लाल किल्ला दाखवला, वर हॅडॉकला रस्त्यात बसलेल्या गाईवरून पाय टाकायला लावून तिच्या पाठीवर पळवलं. म्हणजे आधी फोटोवरून चित्र, आता चित्राचा त्याच जागी फोटो. यात पडताळा कोण कुणाचा घेतं? ‘द ब्लॅक आयलंड’च्या वेळी ब्रिटिश प्रकाशकाने १३१ चुका काढून दिल्या, तेव्हा हर्जेने १९६१मध्ये सहकारी बॉब द मूरला ब्रिटनला धाडलं आणि सगळं पुस्तक नव्याने काढून घेतलं. संग्राहक मात्र जास्त पैसे मोजतात ते चुका असलेल्या जुन्या प्रतींना.

जागेचं आणि कागदाचं नातं पाहायचं तर डेन्व्हरची गोष्ट काढावी लागते. एडगर चर्च हा तिथला व्यावसायिक चित्रकार. त्याने वर्षानुवर्षं कॉमिक्स घेतली आणि घरात थप्प्या रचल्या. १९७७मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याच्या हाती हा साठा आला: कमीत कमी १८,००० अंक. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आम्ल कागदाचा भुगा करतं. इथे कोलोरॅडोची कोरडी, थंड हवा, अंधार, आणि वरच्या अंकांच्या भाराने खालच्यांत वारा शिरायला वाव नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीची पानं पांढरी निघाली. या साठ्यातली, ‘माइल हाय’ प्रत म्हटलं की बाजारात अजून वेगळा भाव लागतो. आणि त्या अंकांनी पाहिलं काय? वरचा अंक आणि खालचा अंक.

तोच साठा रत्नागिरीत असता तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच पिना गंजल्या असत्या. १९६४पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक ज्यांच्या माळ्यावर होते त्यांना हे सांगायला नको. पिनेभोवतीचा तो तांबूस डाग, कसरीने कुरतडलेली कड, आणि उरलेलं रद्दीवाल्याने नेलेलं. बरं, त्यातल्या वेताळाचा अंक न्यायचा तरी कुठे? त्याची डेंकाली नकाशावर नाहीच. मग मालवणचा किनारा काय आणि ताम्हिणी घाट काय. धबधब्यापुढचा बॅटमॅन इथे थोडा समजू लागतो, पुरता नाही.

अमेरिकेत २०००पासून सीजीसी ही कंपनी अंकाला दहापैकी गुण देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करते. डबी उघडली की ते गुण गेले. डबीतला अंक समुद्रापुढे धरायला हरकत नाही, मात्र वाचता येत नाही.

त्यापेक्षा दोन प्रती बाळगणं सोपं. जुनी कपाटात, कुतुबला न्यायला हल्लीचं पुनर्मुद्रण, ते खुशाल उघडा. फोटोत फरक फारसा कळणार नाही. पण काही जण नेमके इथे हट्टाला पेटतात. प्रवास व्हायचा तर मूळ प्रतीचाच, म्हणतात, मग लागू दे एखादा डाग. पुढे प्रत विकायची वेळ आली की हेच लोक तो डाग अंगठ्याखाली झाकून फोटो काढतात, आणि विकत घेणारा विचारतो, अंगठा जरा बाजूला घेता का?